हिलसा नदीत शिरतो तेव्हा

पुसदच्या बाजारात मी मासे विकतो. हिलशाच्या भावावरून गिऱ्हाईक भांडलं की मीही आवाज चढवतो, "समुद्रात हा पांगलेला राह्यते, जाळ्यात गावत नाही. अंडी घालायले नदीच्या तोंडाशी येते, तवाच सापडते!"

आईच्या आजारपणात धाकट्या भावानं फोन उचलला नाही. एवढ्या पुण्यात त्याला शोधणार कुठं? पण ती गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तो येणार, हे मला ठाऊक होतं. त्याला सगळ्यांसमोर झापायचं ठरवून मी एसटी स्टँडच्या फाटकाशी उभा राहिलो.

तो उतरला. "भाऊ, तू कायले आला घ्यायले?"

इतके दिवस साठवलेला राग मी मनात शोधला, पण तिथं काहीच नव्हतं.

"चाल," म्हणालो आणि त्याची बॅग उचलली.