भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

शेठ गेले तेव्हा मी मोटार भरत होतो. भोकरदनच्या पेठेत कांतिलालशेठचं कापडाचं दुकान आणि त्याला लागून माझं मोटार रिवाइंडिंगचं, दोन्हींच्या मागं अंगण एकच. त्या अंगणातून त्यांची सून सपना आली आणि म्हणाली, "काका, बाबूजी गेले." दुपारी जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. मी "बरं" म्हणालो. खरंच, एवढंच. हातातलं कॉइल पूर्ण केलं, कारण मधे सोडलं की वेढ्यांचा हिशोब चुकतो... मग उठून हात धुतले. मनात पहिला विचार आला तो असा, की आज माशाला खायला घालायचं राहिलंय. दुःख व्हायला पाहिजे होतं. कितीतरी आठवडे ते काही झालं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा होतो तसं आतून सगळं होतं. हात लावला तर आपलाच गाल आहे हे कळतं, पण लागत काही नाही.

मासा त्यांच्या मुलानं, नितेशनं, संभाजीनगरहून आणला होता. दुकानात काचेची टाकी असली की गिऱ्हाईक थांबतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. पिवळट हिरवा, पाठीवर काळे ठिपके, डोळे गोल गोल फिरणारे. पफर म्हणतात त्याला. भ्यायला की पोट फुग्यासारखं फुगवतो. विकणाऱ्यानं गोड्या पाण्यातला म्हणून दिला आणि थोड्याच दिवसांत तो कोपऱ्यात बसून राहिला, पांढरं पोट काळपट पडलं, शेपूट मिटलेली. विकणाऱ्यानं फोनवर एक निळं औषध सांगितलं. ते टाकलं तर मासा आडवाच झाला. नितेश टाकून द्यायला निघाला होता. पण शेठ पडले जैन, पाणी गाळून पिणारे, दिवस मावळल्यावर घास न घेणारे. दारात आलेला जीव आपल्या हातानं जाऊ द्यायचा नाही, यावर ते अडून बसले. आधी टाकीचं पाणी बदललं. मग गल्ल्यावर चष्मा लावून मोबाइलमध्ये वाचत राहिले. या माशाला खवले नसतात, औषध सरळ अंगाला लागतं, असं त्यांनी मला समजावलं. दोन दिवसांनी अंगणात येऊन म्हणाले, "पाटील, ह्याला औषध न्हाई पाहिजे. खाडीतला जीव हाय हा, अन् आपण बोअरच्या पाण्यात ठेवून राह्यलो." मग समुद्राच्या मिठाची पिशवी आली, खारेपणा बघायची काचेची नळी आली. एकदम टाकलं तर दगावेल म्हणून रोज थोडं थोडं मीठ विरघळवून घालायचं. पोट पुन्हा पांढरं झालं त्या दिवशी शेठनी मला पेढा दिला. एरवी चहासुद्धा माझ्याच खात्यावर पिणारा माणूस.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. बरा झालेला मासा भुकेला असतो. भिजवलेली डाळ त्यानं हुंगलीसुद्धा नाही. त्याला शंखासकट गोगलगाय लागते, कवच फोडता फोडता दात झिजतात, असं वाचून शेठनी मोबाइल गल्ल्यावर पालथा ठेवला. मी म्हणालो, आमच्या पिंपळगाव रेणुकाईला सोयाबीनवर पोतंभर मिळतील. त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. तसाही तो थट्टेचाच भाग होता, त्या गोगलगायींवर औषध मारलेलं असतं. शेवटी आठवडी बाजारातलं सुकट ठरलं. मी ते आणायचं, माझ्या दुकानात ठेवायचं, खारटपणा जाईपर्यंत भिजवायचं आणि मीच चारायचं. वास नको म्हणून टाकी मागच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी गेली. रोज दुपारी मी वाटी घेऊन गेलो की शेठ लाल प्लास्टिकची खुर्ची उचलायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी "झालं" म्हटल्याशिवाय मान वळायची नाही. आणि वळायच्या आधी एकच विचारायचे, "पोटभर खाल्लं?" मी एकदा चिडवलं, शेठ, पाप माझं, तुम्ही कशाला तोंड लपवता? ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "तुमच्या हातानं माझंच काम होऊन राह्यलं, पाटील. पाप माझंच हाय. फक्त बघवत न्हाई."

मऊ सुकट खाऊन दात झिजेनात. मासा धावून यायचा, तुकडा तोंडात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. मला वाटलं, सुकटाचा कंटाळा आला. शेठनी बॅटरी लावून काचेतून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, भूक आहे, तोंड उघडत नाही. पुढचे दात वाढून एकमेकांवर चढले होते. गोगलगाय देणार नसाल तर दात कापावे लागतील, हे त्यांनाही कळलं होतं. त्यांनी आपल्या दाढेसाठी ठेवलेलं लवंगेचं तेल आणलं. बाटलीत पाणी घालून दोन थेंब खळखळून मिसळले, ते टाकीतलंच पाणी घेतलेल्या एका भांड्यात ओतलं, मासा जाळीनं न काढता पेल्यानं पाण्यासकट उचलून त्यात सोडला. हवा पोटात गेली तर ती त्याला बाहेर काढता येत नाही म्हणून ही काळजी. थोड्या वेळानं तो कलला. शेठनी ओल्या मलमलीत धरला, मी नखं कापायच्या बारीक कात्रीनं टोकं उडवली आणि लगेच टाकीच्या पाण्यात परत. कल्ले नीट हलेपर्यंत आम्ही दोघं टाकीवर वाकून उभे होतो. तेव्हापासून दर काही महिन्यांनी हेच. त्यांनी धरायचं, मी कापायचं.

शेठच्या उठावण्याला, त्या शोकसभेला, पेठ लोटली होती. मी शेवटच्या रांगेत बसलो आणि पंख्याचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय असं ठरवत राहिलो. लोक भेटायचे, शेठ देवमाणूस म्हणायचे, मी मान हलवायचो. रोज दुपारी सुकट मात्र घेऊन जायचो. लाल खुर्ची भिंतीकडे तशीच होती. नोकर गठ्ठे नेताना तिला वळसा घालायचे, पण सरळ कुणी केली नाही.

मागच्या आठवड्यात माशानं तुकडा घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. पोट खपाटीला गेलं होतं. मला बॅटरी लावायची गरज पडली नाही. नितेश म्हणाला, काका, आता कोण करणार हे, दुकानदाराला परत देऊन टाकू. त्याचं चूक नव्हतं. मी एकटा काय करणार, मासा धरायला दुसरे हात लागतात. मी नुसता वाटी घेऊन उभा राहिलो... तेव्हा सपना दारातून म्हणाली, "मी धरते."

आयुष्यात तिनं अंड्याला हात लावलेला नाही. पदर खोचला, लवंगेचं तेल शोधून आणलं, शेठ ठेवायचे त्याच फळीवरून मलमलीचा तुकडा घेतला. मासा कलल्यावर तिनं डोळे मिटून तो धरला, पण हात हलू दिला नाही. मलाच कात्री बाजूला ठेवून दोनदा थांबावं लागलं. टोकं उडाली, मासा टाकीच्या पाण्यात गेला, बराच वेळ तळाशी पडून राहिला आणि मग कल्ले हलले. आम्ही जेवून आलो तोवर तो काचेशी येऊन माझी वाट बघत होता.

मी वाटी उचलली. सपनानं इकडं तिकडं पाहिलं आणि त्या लाल खुर्चीत जाऊन बसली. भिंतीकडे तोंड करून. मी पहिला तुकडा सोडला. त्यानं तो घेतला आणि सोडला नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला, वाटी रिकामी केली.

"झालं," मी म्हणालो.

ती वळली नाही. भिंतीकडे बघतच तिनं विचारलं, "पोटभर खाल्लं?"

हो म्हणायचं होतं. पण गालातली सुई उतरावी तसं आतून सगळं लागायला लागलं. आता ती वळून बघेल, म्हणून मग मीच भिंतीकडे तोंड केलं.