वाट बघणारे दादामिया

दादामिया समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत असत. रियाधच्या सिग्नलला आमची गाडी थांबली आणि शेजारी कामगारांची बस येऊन उभी राहिली, की ते काच खाली करून तिच्या एकेका खिडकीवरून नजर फिरवायचे. मेट्रो सुरू झाली तेव्हा ऑफिसातले आम्ही सगळे हौसेने तिच्यातून फिरायला गेलो. जागा असूनही दादामिया बसले नाहीत. दाराजवळ उभे राहून प्रत्येक स्टेशनवर चढणाऱ्यांचे चेहरे पाहत राहिले. शेवटी मी विचारलंच, "कुणी ओळखीचं येणार आहे का?"

"येईल की," ते म्हणाले. "न यायला काय झालं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

मूळचे ते दाभोळच्या खाडीकाठचे. साठी उलटलेले, उंच, थोडे पुढे वाकलेले. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात डेटा सेंटर होतं, तिथे आम्ही एकत्र काम करायचो. मी कराडची, लग्नानंतर इकडे आलेली. विभागात सगळी बोलणी हिंदीत नाहीतर इंग्रजीत. रुजू झाले त्या दिवशी दुपारी पाठीमागून आवाज आला, "बाय, जेवलीस काय?" आणि घरापासून इतक्या लांब आल्यावर पहिल्यांदा मला रडू फुटलं. दादामियांनी आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली.

त्यांच्या ताब्यात टेप लायब्ररी होती. दिसायला भलंमोठं लोखंडी कपाट, पुढे काच. आत खणाखणांतून टेपा, आणि त्यांच्यामध्ये रुळावर धावणारा एक यांत्रिक हात. पेशंटांचे जुने रिपोर्ट, एक्स-रे, स्कॅन, सगळं त्या टेपांवर. संगणकाने हुकूम दिला की हात खणातून टेप उचलतो आणि वाचणाऱ्या यंत्रात, म्हणजे ड्राइव्हमध्ये, नेऊन घालतो. कधीकधी हे जमत नाही. टेप लागत नाही आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात. अशा वेळी आम्ही बाकीचे कीबोर्डकडे धावायचो. दादामिया खुर्ची ओढून काचेसमोर बसायचे. "पडदा बोलतो ते ऐकू नको. हात काय करतो ते बघ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या हाताला ते 'भाईसाब' म्हणायचे, आणि कपाटाचं दार उघडण्याआधी न चुकता त्याला सलाम करायचे.

एकदा एक ड्राइव्ह बिघडला म्हणून कंपनीचा माणूस येऊन नवीन बसवून गेला. त्यानंतर दोन ड्राइव्हमध्ये टेपा लागेनाशा झाल्या. नेमकं तेव्हाच वरून ऑपरेशनसाठी एका बाईंचे जुने स्कॅन मागितले गेले. सर्जन खोळंबलेले. आम्ही ड्राइव्ह साफ केले, सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केली, काही उपयोग नाही. दादामिया काचेसमोर बसले. "तू हुकूम दे, बाय. मी बघतो."

मी हुकूम दिला. पडदा म्हणत होता, तिसऱ्या ड्राइव्हमध्ये टेपेची वाट पाहतोय.

"भाईसाबनं तर चौथ्यात घातली," ते म्हणाले.

नवीन ड्राइव्ह बसवताना सॉफ्टवेअरमध्ये दोघांचे पत्ते उलटसुलट झाले होते. मी ते दुरुस्त केले. टेप लागली, स्कॅन वर गेले. मला इतकं हलकं वाटलं, की मी हसत म्हणाले, "टेप बिचारी केव्हाच पोचलेली! आपणच भलत्या दाराशी वाट बघत बसलोय!"

दादामियांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, खुर्ची तिथेच टाकून बाहेर गेले आणि त्या दिवशी परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाचे दोन कप घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. "तुझी चूक नाय," म्हणाले, आणि सलीमबद्दल सांगितलं.

सलीम त्यांचा धाकटा भाऊ. वीसेक वर्षांपूर्वी दादामियांनीच त्याला इकडे आणला. तबूकला एका बांधकामावर तो वेल्डर होता. ईदला रियाधला येतो म्हणाला, बसमध्ये बसल्यावर फोनही केला. दादामिया बसस्टँडवर जाऊन उभे राहिले. बस आली, रिकामी झाली, धुवायला गेली. सलीम उतरला नाही. पुढे कितीतरी दिवसांनी त्या बसमधला एकजण भेटला. तो म्हणाला, ड्रायव्हरने शहराबाहेर पेट्रोल पंपावर गाडी थांबवली होती, तिथे काहीजण उतरले. त्यांत एक हिंदुस्थानी पोरगा होता.

"मी स्टँडवर," दादामिया म्हणाले, "आणि तो तिकडे माझी वाट बघत असंल."

त्यांनी काय केलं नाही? कफीलच्या, म्हणजे सलीमला व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, दारात बसले. पोलीस, इस्पितळं, तुरुंग, शवागारं, सगळीकडे जाऊन आले. कंपनीने सलीमला हुरूब लावला होता, म्हणजे कामावरून पळाला अशी नोंद करून मोकळी झाली होती. पासपोर्ट कार्यालय म्हणालं, तो देश सोडून गेलेला नाही. मेल्याची नोंद कुठेच नाही. "मग हायच ना तो?" त्यांनी मला विचारलं. मी चहा पीत राहिले.

गावी आई होती. ती हे ऐकून जगणार नाही, म्हणून तिला कळवलंच नव्हतं. दर गुरुवारी तिला सलीमचा फोन जात होता. तो कसा, हे मला एका गुरुवारी दुपारी कळलं. मी लायब्ररीच्या खोलीत शिरले, तर दादामिया पाठमोरे, भिंतीशी उभे राहून फोनवर बोलत होते. पण तो आवाज त्यांचा नव्हता. कोवळा होता, भरभर बोलणारा, मधूनच हसणारा.

"मा, मी सलीम बोलतंय. बरा हाय मी. साईटवर हाय गो, मशिनीचा आवाज होतो. तू गोळ्या घेतेस काय?"

भोवती पंखे घोंगावत होते. काचेमागचा हात रुळावरून सरकत गेला. फोन ठेवून ते वळले, मला पाहिलं, आणि आपल्या नेहमीच्या खर्जात म्हणाले, "तिला डोळ्यांनी दिसत नाय आता. कानानंच जगते."

त्यानंतर गुरुवारी मी त्या खोलीकडे फिरकत नसे. पण बाहेर बसूनही माझे कान तिकडेच असत. सगळ्यांत भीती कशाची वाटायची सांगू? तो आवाज दर महिन्याला थोडा थोडा प्रौढ होत होता. दादामिया सलीमला वयाने वाढवत होते.

आई गेली ती रमजानच्या आधी. दादामिया गावी पोचेपर्यंत माती झाली होती. परतले तेव्हा ते अगदी वाळले होते. म्हणाले, "मा बहिणीजवळ निरोप ठेवून गेली. दादाला सांग, आता सलीमचा आवाज काढू नको म्हणावं. घसा दुखत असंल त्याचा."

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते बहिणीलाही सांगता आलं नाही. दर गुरुवारी ती फोन कानाला लावून "सलीम, बाळा" म्हणत राहिली, थोरल्यासाठी.

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला आणि फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचा देश सोडण्याचा, अर्ज केला. इतकी वर्षं हॉस्पिटल त्यांना निवृत्त व्हा म्हणत होतं आणि ते टाळत होते.

विमानतळावर मी आणि माझे यजमान सोडायला गेलो. सामान एकच, दोरीने बांधलेली बॅग. आत जायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाय, मी गेल्यावर कुणी माझं नाव घेऊन विचारत आला तर सांगशील? दादा घरी गेला. मा गेली, तेही सांग."

"मी त्यांना ओळखणार कसं?"

"तू नको ओळखू. तोच विचारंल." त्यांनी बॅगेची दोरी पुन्हा आवळली. "त्या ईदच्या आधी त्याला कायमचं घरी जायचं होतं. मी फोनवर लय बोललो त्याला. म्हटलं, नामर्दासारखा पळतोस काय? तर त्याला सांग, दादा रागावलेला नाय."

काचेपलीकडच्या रांगेतून ते पुढे सरकत गेले. पासपोर्टवर शिक्का पडला तेव्हा त्यांनी दोन्ही हात काउंटरवर टेकवले होते. मागच्या माणसाने खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे ते हलले.

गावाहून त्यांचा अधूनमधून फोन येतो. तब्येत, पाऊस, आंबा, एवढंच बोलतात. सलीमचं नाव ते काढत नाहीत, मीही काढत नाही. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून कधी निरोप येतो, खाली कुणीतरी आलंय, विभागातल्या कुणाला तरी विचारतंय. मी हातातलं काम टाकते आणि विचारते, नाव काय घेतलं त्याने?