वडगावातली आरोळी आणि निपाणीचं स्थळ

पन्नाशी उलटल्यावर मी कराटे शिकायला लागलो आणि त्यापायी आमच्या रोहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडायच्या वाटेला लागलं.

सुरुवात डॉक्टरांनी केली. बेळगावच्या वडगावात आमच्या घरातच यंत्रमाग आहेत. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा मी त्यांना ठणकावलं की मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागांपाशी असतो, एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही. "चालतात ते माग," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नुसते बघता." मग मी पहाटे चालायला जाऊ लागलो. पण आमच्याकडं ओळखीच्या माणसाला चहा पाजल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत, आणि माझी ओळख फार. साखर आणखी वाढली.

तेव्हा रोहिणीनंच मला कराटेच्या वर्गात घातलं. (हो, तिनंच. हे मी पुढं तिला बरेचदा सांगून पाहिलं.) लहानपणी ती त्याच वर्गाला जायची. तिचं म्हणणं, माझा जीव एका जागी ठरत नाही, सारखी चुळबूळ चालते. तीच जरा कामाला लावावी. घाम येईल, दम वाढेल, गुडघे मोकळे होतील. वर्गातले बाकीचे विद्यार्थी तिसरी-चौथीतले होते. पांढरा ड्रेस घालून मी पहिल्यांदा रांगेत उभा राहिलो तेव्हा पुढच्या मुलीनं वळून विचारलं की आजोबा, तुमचा नातू कुठाय.

पण गुण आला, हे मान्य केलंच पाहिजे. महिन्याभरात जिना चढताना लागणारी धाप गेली. खाली बघितलं की स्वतःच्या पायांचे अंगठे दिसू लागले. रात्री कूस बदलत पडायचो, तो आता गाढ झोपू लागलो. अडचण एकच होती, ओरडण्याची. कराटेत लाथ मारताना बेंबीच्या देठापासून आरोळी द्यायची असते. त्यानं श्वास मोकळा होतो आणि पोट घट्ट होतं म्हणे. सर म्हणायचे, "काका, पोटातनं काढा आवाज. जागा भरपूर आहे." पण एवढ्या पोरांदेखत माझा आवाज घशाच्या पुढं सरकेना. शेवटी सरांनी घरी सराव करायला सांगितलं.

ओरडण्याच्या सरावाला आमच्यासारखं घर नाही. आमच्या गल्लीत दारोदारी माग. करंट असेपर्यंत असा खडखडाट, की मी आणि बायको सुनंदा लग्न झाल्यापासून खुणांनीच बोलतो (संसार टिकला तो त्यामुळेच असावा). दुपारी मागांवर माणूस उभा करून मी मागच्या खोलीत जायचो. सुनंदा भिंतीला पाठ लावून एक जाड उशी दोन्ही हातांनी छातीशी धरायची. मी उशीवर लाथ मारायची आणि ओरडायचं. भिंतीपलीकडं शेजारच्या शांताक्कांचा सोपा, म्हणजे बाहेरची बसाउठायची खोली. त्यांना कधी काही ऐकू गेलं नाही.

त्याच सुमारास रोहिणीला निपाणीचं स्थळ आलं. मुलगा बेळगावात बँकेत, वडिलांची निपाणीत तंबाखूची वखार. बघाबघी होऊन दोघांची पसंती झाली होती. फोन वाजला की रोहिणी गच्चीवर पळायची आणि खाली यायची ती गालातल्या गालात हसत, त्यावरून आम्ही काय ते समजून होतो. राहिली होती फक्त चौकशी. मुलीच्या घरची माणसं कशी आहेत हे शेजारीपाजारी विचारून घ्यायची आमच्याकडं रीत आहे, आणि ते अर्थातच न सांगता करायचं असतं. एका दुपारी मुलाची आई आपल्या जावेला घेऊन साड्या बघायच्या निमित्तानं शांताक्कांकडं येऊन बसली; शांताक्का आपल्या मागावरच्या साड्या घरीच विकायच्या.

शांताक्का म्हणजे देवमाणूस. साड्या उलगडता उलगडता त्या आमचं गुणगान गात होत्या. अशी माणसं शोधून सापडायची नाहीत, इतकी वर्षं भिंतीला भिंत आहे, पण त्या घरातून कधी वरचा आवाज म्हणून आला नाही. (मागांच्या खडखडाटात कसा येणार?) त्यांचं हे वाक्य संपलं आणि करंट गेला.

सगळी गल्ली एकदम गप्प झाली. माझी लाथ मात्र आधीच निघाली होती आणि आरोळीही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती खरोखर बेंबीच्या देठापासून आली. नेम चुकला, टाच सुनंदाच्या मनगटावर बसली आणि तिची पाठ भिंतीवर आदळली.

"आई गं," ती कळवळली. "अवो, बास करा आता. रोजच्या रोज माझ्यानं सोसत न्हाय."

यावर मी जे बोललो ते आठवलं की अजूनही माझ्या अंगाला घाम फुटतो. मी म्हणालो, "गप उभी ऱ्हा. आजून धा ऱ्हायल्यात."

तेवढ्यात करंट आला आणि माग सुरू झाले. त्यानंतर मी तिच्या मनगटाला तेल चोळलं, चुकलो म्हणालो, स्वतः चहा करून दिला. पण त्यातलं काहीच भिंतीपलीकडं पोचलं नाही.

संध्याकाळी शांताक्का आल्या. माझ्याकडं न बघता सुनंदाला पोटाशी धरून रडल्या आणि मग झाला प्रकार सांगितला. दुसऱ्या दिवशी निपाणीहून निरोप आला की घाई नको, थोडं थांबू या. थांबू या म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला समजावून सांगावं लागत नाही. मी घरभर येरझारा घालत राहिलो. रोहिणी आदळआपट करेल असं वाटलं होतं, पण ती नुसती समोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, मला ह्योच मुलगा पायजे," ती म्हणाली. "कसंबी करा, पण त्यास्नी खरं काय ते पटवून द्या."

सकाळची पहिली बस धरून मी आणि सुनंदा निपाणीला निघालो. पुराव्यादाखल पिशवीत पांढरा ड्रेस घेतला होता. संकेश्वर येईपर्यंत मी इतक्या वेळा सीट बदलली की कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, पोट बिघडलंय का.

वखारीला लागूनच त्यांचं घर. मुलाच्या आईनं पाणी आणलं, ते फक्त सुनंदाला. सुनंदानं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की हे मला मारत नाहीत. मुलाच्या आईनं मान हलवली. मार खाणारी बाईही हेच सांगते, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सुनंदा जितकं ठासून सांगे तितके त्या माउलीचे डोळे भरून येत. मग तिला सुनंदाच्या मनगटावरचा निळा डाग दिसला.

"ह्ये कशानं झालं?"

सुनंदाला खोटं बोलता येत नाही. "ह्येंचा पाय लागला," ती म्हणाली. मुलाचे वडील उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले.

आता बोलण्यात अर्थ नव्हता. मी आत जाऊन ड्रेस चढवला आणि वखारीपुढच्या अंगणात येऊन उभा राहिलो. बघा म्हटलं, हा व्यायाम आहे. त्यांच्याच घरातली उशी मागून घेतली, सुनंदानं पदर खोचून ती धरली. वखारीत तंबाखू चाळायचं काम चालू होतं; तिथल्या बायका काम टाकून दारात जमल्या. मुलाची आई सुनंदाला खेटून उभी राहिली, वेळ आलीच तर मधे पडायच्या तयारीनं. मी सरांनी शिकवल्याप्रमाणं छाती भरून श्वास घेतला, आणि त्याबरोबर वखारीतली निम्मी तंबाखू नाकात गेली.

लाथ वर गेली आणि शिंक आली. एक पाय हवेत, तोंड उघडं, डोळे मिटलेले, अशा अवस्थेत दुसरी शिंक आली. तिसरीला खालचा पाय निसटला आणि मी पाठीवर आपटलो. कंबर धरली! शिंक आली की कंबरेत कळ, कळ आली की आरोळी. आणि आता ती कुणी न शिकवता पोटातून येत होती.

सुनंदानं उशी खाली ठेवली. एका हातानं माझा पट्टा धरला, दुसरा काखेत घातला आणि सुताचं गाठोडं उचलावं तसं मला उचलून कट्ट्यावर ठेवलं. तिला धापसुद्धा लागली नाही. इतके दिवस उशीवर माझ्या लाथा झेलून तिचे दंड कसे झाले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. "हलू नगासा," ती म्हणाली. मी हललो नाही.

मुलाच्या आईनं एकदा तिच्या दंडाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तारीख काढा लग्नाची. त्या बाईला कोण काय करतंय? झाला तर तरास ह्येस्नीच आसंल."

लग्न झालं. रोहिणी सुखात आहे. आम्ही निपाणीला गेलो की सुनंदा स्वयंपाकघरात जायची खोटी, विहीणबाई माझ्याजवळ येतात आणि आवाज उतरवून विचारतात, "पावणं, घरात काय आसलं तर सांगा. लाजू नगासा." मी काहीच नाही म्हणतो. त्यांना ते पटत नाही. निघताना त्या सुनंदाची नजर चुकवून माझ्या पिशवीत दुखण्यावर लावायच्या मलमाची डबी सारतात.

डबी मी परत करत नाही. हल्ली कराटेच्या वर्गाला सुनंदा जाते, आणि उशी मी धरतो.