आमच्या दोराला लागलेले हात

या सदरात छापून येणारे अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा काही न वाटता पुढचं पान उलटते. अंगारे, उतारे, देवऋषी यांच्यात दिवस घालवून उशिरा दवाखान्यात आणलेली माणसं मी रोज बघते. डोंबिवलीत नर्स आहे. वॉर्डातली कामं सकाळी लिहून काढायची आणि एकेक खोडत जायची, अशी माझी पद्धत. भुताखेतांना त्यात कधी जागा नव्हती. तरीही हे लिहिते आहे, कारण ज्याच्यावर मी काट मारू शकले नाही असं एकच प्रकरण माझ्या आयुष्यात आहे.

आधी जागा सांगते. दिवा स्टेशनपासून खाडीच्या बाजूला चालत गेलं की आमचं गाव. नाव देत नाही, ती माणसं अजून तिथेच नांदतात. खाडीकाठी तिवरांची झाडं, मग चिखलाचा लांब उतार, त्यावर भरतीची रेघ आणि रेघेच्या वर मातीचा बांध. वादळ-वारा असला की होड्या दोर लावून रेघेच्या वर, बांधाला टेकवून ठेवायच्या. एका होडीला आठ-दहा माणसं लागतात. कुणाची का असेना, हाक ऐकली की ज्याने त्याने हातातलं काम टाकून दोराला यायचं, हा गावाचा रिवाज. अबोला असला तरी दोराला यायचं.

आता माणसं. माझे वडील — पांडू. धाकटा भाऊ दामू. त्याची बायको सुंद्री. आणि मी, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, आणि आम्हाला गावाने वाळीत टाकलं होतं.

कारण साधं. पंचांच्या म्होरक्याने एका विधवेच्या शेताचा बांध रातोरात सरकवला. प्रकरण कल्याणच्या कोर्टात गेलं. बाबांनी डोळ्यांनी बघितलं होतं, ते तसंच सांगितलं. झालं! आमच्याशी बोलणं बंद, विस्तव बंद, विहीर बंद. जिच्यासाठी साक्ष दिली, तीही आम्ही दिसलो की दार लावून घ्यायची. बाबांना त्याचं फार लागलं. मला नाही. मला पाण्याची काळजी होती. पलीकडच्या काठावरून होडीतून हंडे भरून आणत होतो, त्यावर घर चाललं होतं. होडी गेली असती तर गाव सोडण्याखेरीज दुसरं काही उरलं नसतं. पंचांनाही तेच हवं होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर अवेळीच वादळ आलं. दुपारीच अंधारून आलं आणि त्यातून उधाणाची भरती. गावाने आपल्या सगळ्या होड्या वर घेतल्या. आमची तेवढी खाली खुंटाला हिसके देत राहिली. बाबांनी बांधावर उभं राहून हाक दिली — एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माणसं आपापल्या ओट्यांवर उभी होती. शेजारचा गणूकाका, बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, नेहमी दोराला पहिला हात लावणारा — तो उंबऱ्यातच घुटमळला, मग आत गेला.

"चला," बाबा म्हणाले, "आपन चौघं काय कमी हाव?"

"बाबा, हंडे नाय उचलायचे, होरी हाय ती," दामू म्हणाला.

"मंग तुजी जीब राहू दे, हात लाव."

सुंद्री खाली होडीला खांदा लावून राहिली. आम्ही तिघं होडीकडे तोंड करून दोर ओढत, मागे सरकत होतो — पुढे बाबा, मग दामू, शेवटी मी. बाबा आरोळी द्यायचे, "लावा रं जोर!" आणि आम्ही म्हणायचो, "हैसा!" ओढून ओढून होडी पाण्याबाहेर आली आणि चिखलात रुतून बसली. पाणी मागून चढत होतं. माझे तळहात सोलले होते. दामू रडकुंडीला आला होता.

बाबांनी पुन्हा आरोळी दिली. आम्ही तिघांनी उत्तर दिलं — आणि आमच्या मागून, बांधाच्या बाजूने, दहा-पंधरा गळ्यांतून आलं, "हैसा!"

माझ्या मागे दोराचं टोक चिखलात सैल पडलेलं असायला हवं होतं. ते ताठ झालं. मी ओढत नव्हते, दोरच मला मागे नेत होता. पाय टेकवता टेकवता धांदल उडाली. तोंडावर पाऊस, मागे वळायला उसंत नाही. बाबांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. ते हसत होते की रडत होते, कोण जाणे.

"आलं रं! दामू, माजं भाव आलं! गाव आला माजा!"

होडी रेघ ओलांडून बांधाला टेकली. बाबांनी दोर सोडला, हात जोडले आणि मागे वळले.

बांधावर कुणीही नव्हतं.

जोडलेले हात खाली घ्यायलाही त्यांना सुचेना. दामूने बांधापलीकडे धावत जाऊन बघितलं. मी चिखल बघितला. पावलं आमचीच, आणि जिथे मी संपले त्याच्या वर चिखल कोरा. सुंद्री धापा टाकत वर आली. तिचं तोंड तर आमच्याकडेच होतं.

"मना तुमी तिघंच दिसलाव," ती म्हणाली. "पन आवाज ऐकला मी. लय जनांचा."

वाऱ्याचा आवाज म्हणावा, तर वारा "हैसा" म्हणत नाही. पाण्याने होडी उचलली म्हणावी, तर पाणी तेव्हा होडीपर्यंत पोचलंच नव्हतं. माझं सगळं तपासून झालं आहे. कृपया कुणी सुचवू नये.

गोष्ट इथे संपली असती, तर मी देवाचे आभार मानून गप्प बसले असते. पण सकाळी गावाने होडी वर बघितली आणि शोध सुरू झाला — पंचांचा हुकूम मोडून पांडूला हात कुणी दिला? संशय अर्थात गणूकाकावर. बाबा स्वतः पंचांसमोर गेले. बाहेरच्या बाहेर उभं राहून म्हणाले, "गणू नव्हता. कुनीच नव्हता."

म्होरक्या हसला. "मंग होरीला पाय फुटलं? कोर्टात लय खरा बोलतोस, हितं पन बोल की!"

"खराच बोलतंय. मना माहीत नाय कुनी वर घेतली ती."

सगळी बैठक हसली. आणि गणूकाकाला वाळीत टाकलं.

त्या संध्याकाळी तो आमच्या दारात आला. आत आला नाही. "पांडू, मी घरात बसून होतो रं. हात मांडीखाली घेऊन बसलो होतो, ते उठू नये म्हनून. आलो असतो न मना टाकला असता, तर सोसला असता." मग जाता जाता म्हणाला, "तुजं खरं मना भोवलं."

पुढच्या पावसाळ्यातल्या उधाणात त्याची होडी खाली राहिली. तो आणि त्याची बायको, दोघंच दोराला. बाबा धावले, मागोमाग आम्ही. गणूकाका ओरडला, "हात नको लावू! तुज्याशी माजा संबंध नाय, गावाला दिसू दे!" गावाने परत घ्यावं, एवढीच त्याची आशा होती. बाबा थांबले. आम्ही मागे फिरलो आणि दारात उभे राहिलो. समोरच्या ओट्यांवर गावही उभं होतं. सगळ्यांच्या देखत तो आरोळी देत होता आणि त्याची एकटी बायको उत्तर देत होती. मी बांधाकडे बघत होते. काही तरी होईल म्हणून बघत होते, खोटं का सांगू.

त्याच्या दोराला कुणी आलं नाही. भरतीने होडी त्यांच्या हातातून ओढून नेली.

महिन्याभरात गणूकाका बायकोला घेऊन गाव सोडून गेला. आम्ही त्यानंतर वर्षभराने निघालो. त्या दुपारी आमचा दोर कुणी ओढला, हे मला सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला सांगता आलं, तर एवढंही सांगावं — गणूकाका दोर ओढत होता, त्या दिवशी ते कुठे होते?