नवऱ्याचे एकशे अठरा

सिंगापूरला, क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बीपीचं मशीन आलं आणि मी माझ्याच नवऱ्यावर जळायला लागले. पॉलिक्लिनिकमधल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, नर्सने सांगितलं होतं, दोन आठवडे घरी मोजा; आकडे चढेच राहिले तर डॉक्टर गोळी सुरू करतील. वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते क्षणभर विसावतं तेव्हाचा, हेही तिने समजावलं. मला फक्त गोळी ऐकू आली. गोळी म्हणजे म्हातारपण, आणि मी जेमतेम सत्तेचाळीसची.

वरून मीठ घेणं सोडलं, पापड सोडला, रोज संध्याकाळी चालायला लागले. तरी एकशे बावन्न. नवरा मात्र लोणच्याचा खार बोटाने पुसून खाणार, चालणार फक्त एमआरटीच्या मेट्रो स्टेशनपर्यंत, आणि याचे एकशे अठरा! वर मलाच म्हणायचा, "अगं, टेन्शन घेऊ नकोस." अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तर याचा आकडा चढावा म्हणून मी मुद्दाम जास्त लोणचं वाढलं. सांगायला लाज वाटते, पण वाढलं.

दोन आठवड्यांनी नर्सकडे गेले, पुरावा म्हणून यालाही घेऊन. मोजताना कशा बसता, तिने विचारलं. मी सांगितलं: जेवायला बसतात तशी, जमिनीवर मांडी घालून, हात मांडीवर, आणि स्पीकरवर पुण्याहून आई. ती हसायलाच लागली. मग खुर्चीत पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, पाच मिनिटं तोंड बंद. एकशे चौतीस आले. गोळीचं इतक्यात नको, असंच मोजून आणखी काही दिवस बघू, म्हणाली.

तरी माझी जळजळ थांबेना. "याला बघा, काही न करता एकशे अठरा!"

"अंकल, तुम्ही गोळी घेता का?" नर्सने त्याला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "हो. तीन वर्षं झाली."

गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असायच्या. म्हणजे मी गोळीच्या आकड्यावर जळत होते. आधी संताप आला, तो रस्त्यात ओसरला. बसस्टॉपवर मी विचारलं, "पहिल्यांदा कळलं तेव्हा किती होतं?"

"एकशे ऐंशी."

"आणि घरी येऊन मला काय सांगितलंस?"

"डोकं दुखतंय म्हणालो. तू बाम चोळून दिलास."

मला ती संध्याकाळ आठवेना.