विषय : रुपाबाई

हेमसिंगच्या सोयाबीनवर अळी पडली होती आणि हेमसिंग फवारत नव्हता. मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात श्रावणात बोलायला एवढा विषय पुरेसा होता. शेजारच्या वावरातून पंपांचे आवाज येत होते, ह्याच्या पानांची चाळणी झाली होती, आणि हा बाबा औषधाचा डबा स्वतःच्या घरात ठेवायला तयार नव्हता. पंपासकट तो त्यानं रतनसिंग या चुलतभावाच्या खोलीत नेऊन ठेवला आणि वर कुलूप घातलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "घरात जागा नाही."

जागा चिक्कार होती. खरं कारण होतं एक दोनशे पानी वही.

वही त्याच्या बायकोची, रुपाबाईची. वय अठ्ठेचाळीस, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, आणि त्यानंतर लेखणीशी काडीमोड झालेली. गेले दोन महिने ती दुपारची भाकर झाली की घराच्या मागे जाऊन बसायची आणि लिहायची. दाखवायची कोणाला नाही. त्या घरात यापूर्वी कागदावर काही लिहिलं होतं ते हेमसिंगचा धाकटा भाऊ किशन यानं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या उशाखाली चिठ्ठी सापडली, वावरात फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा सापडला, आणि किशन परत घरी आला नाही. तेव्हापासून घरात कोणी लिहायला बसलं की त्याचा एकच अर्थ व्हायचा. हेमसिंग बायकोला काही विचारत नव्हता, नुसता तिच्या मागेमागे फिरत होता. ती विहिरीवर निघाली की सून निताला सोबत धाडत होता. रुपाबाईला वाटे, हा पाळत ठेवतो. तिचं डोकं फिरायचं.

आता वही आली कुठून, तेही सांगतो. रुपाबाईची आई गेली तेव्हा ती ऊसतोडीला होती, दोन दिवसांच्या वाटेवर. फडातून सुटका होईना. मुकादम म्हणाला, "जाऊन काय करशीन? माती तं झाली." तांड्यातल्या बायांचं रडणं म्हणजे नुसते डोळे पुसणं नव्हे. एकमेकींच्या गळ्यात पडायचं, सुरात रडायचं, आणि रडता रडता सगळं बोलून टाकायचं, गेलेल्या माणसाचं, स्वतःचं, सासरचंसुद्धा. ते बोलणं कोणी मनावर घेत नाही, कोणी अडवत नाही. रुपाबाई चैत्रात परतली तेव्हा माहेरच्या बाया रडून मोकळ्या झाल्या होत्या. भावजय गळ्यात पडली, पण रीत म्हणून. चार हुंदके दिले आणि चहा ठेवायला उठली. रुपाबाईचं रडणं घशातच राहिलं. खाणं तुटलं, झोप गेली, चुलीशी बसल्या बसल्या ती भांडी आपटायला लागली.

जूनमध्ये मानोऱ्यात बदरुन्निसाआपाच्या दुकानात शाळेच्या सामानाची गर्दी उडाली होती. रुपाबाई त्या गर्दीत शिरली.

"वही द्या एक."

"पोरगा कितवीत हाय?" आपानं विचारलं.

"पोराले नाही. मलेच पाह्यजे."

"तुले काय लिवायचं व?"

"थेच तं पाह्यचं हाय."

आपानं तिच्याकडे नीट पाहिलं, शंभर पानी वही परत ठेवली आणि जाड वही काढली. "दोनशे पानी घे. बायांचं शंभरात मावत नाही."

पहिल्या पानावर दोनच ओळी उमटल्या. याडी मेली. मी नव्हती. तांड्यात आईला याडी म्हणतात. एवढ्यालाच दुपार गेली. पुढे हात चालायला लागला. सुरुवात मराठीत करायची आणि डोळे भरून आले की लेखणी आपोआप तांड्याच्या गोरमाटी बोलीत शिरायची. आईवर माया होती हे तिला ठाऊक होतं, पण पंधराव्या वर्षी लग्न लावून दिलं म्हणून तिच्यावर रागही होता, हे पाचव्या पानावर कळलं. एकटं बसायला आपल्याला आवडतं, हेही कळलं. आणि एक दिवस असं निघालं की ताकाची कढी आपल्याला मुळीच आवडत नाही, हेमसिंगला आवडते म्हणून तीस वर्षं केली आणि तीस वर्षं खाल्ली. त्या दिवशी तिला स्वतःचंच हसू आलं. भूक परत आली ती त्याच आठवड्यात.

हे घरच्यांना दिसलं नाही. त्यांना वही दिसली.

एका सकाळी ज्वारीच्या कोठीत हात घातला तर वही गायब. हेमसिंगनं ती न उघडता थेट तांड्याचे नायक सेवादास यांच्या हाती दिली होती. दुपारी मंदिरासमोर लिंबाखाली माणसं जमली. नायक बारावी पास निताला म्हणाले, "वाच, पोरी. काय लिवते ते कळू दे."

नितानं वही हातात घेतली. तिनं पुठ्ठ्यावरचं वाचलं. "नाव : रुपाबाई हेमसिंग राठोड. इयत्ता... रिकामी हाय. विषय : रुपाबाई."

माणसं हसली. बायांत मागे बसलेली रुपाबाई तेव्हा उठली, पदर खोचला आणि सगळ्यांच्या मधून पुढे आली.

"निता, मिट थे."

"बाई, तांड्याचं तांड्यात राह्यलं पाह्यजे," नायक म्हणाले, आणि जरा आवाज उतरवून, "आमच्याबद्दल काही हाय काय त्याच्यात?"

"हाय. तुमचं हाय, याचं हाय, सगळ्यायचं हाय. आन थे माह्यापाशीच राहीन. चैतात माह्यासंगं रडाले कोनाले वेळ नव्हता, नायक. आता वाचाले बरा वेळ काढला! जाळाची असन तं जाळा वही. आपाच्या दुकानात गठ्ठा पडला हाय. मी दुसरी आनीन, तिसरी आनीन."

नायकांचा चेहरा उतरला. एका बाईनं भर बैठकीत असं बोलावं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते काही बोलणार तोच हेमसिंग ओरडला, "मले नाही वाचाचं व काही! मले फक्त एक सांग, शेवटच्या पानावर काय हाय?"

त्याचा आवाज फाटला होता. रुपाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. दोन महिन्यांची ती सोबत, तो डबा, ते कुलूप, सगळं तिला त्या क्षणी कळलं. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी नवऱ्याबद्दल भलती माया दाटून आली.

"शेवटचं पान कोरं हाय," ती म्हणाली. "किशननं एकडाव लिवलं. मी रोज लिवून राह्यली, म्हून रोज उठून राह्यली. मी लिवनं बंद करीन ना, तवा भेव वाटू द्या."

हेमसिंगनं डोळ्यांवरून उपरणं फिरवलं, निताच्या हातून वही घेतली आणि सगळ्यांच्या देखत बायकोच्या हातात दिली. नायक खाकरले आणि म्हणाले, चला, कामाचे दिवस आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुपाबाई घराच्या मागे गेली नाही. समोर ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडी घालून बसली आणि लिहायला लागली. हेमसिंग रतनसिंगकडून आला. पाठीवर पंप, हातात डबा. डबा त्यानं दाराआडच्या जुन्या जागी ठेवला, क्षणभर त्याच्याकडे बघत उभा राहिला, मग बाहेर आला.

"आज काय लिवून राह्यली?"

तिनं पानावर हात आडवा धरला. "तुमाले काय कराचं? अळी पाहा आदी. आन आयका, आजपासून कढी होनार नाही. मले आवडत नाही."

"कवापासून?"

"तीस वर्सापासून."

हेमसिंगनं पंपाचा पट्टा खांद्यावर ओढला. मग आत गेला, डबा उचलला आणि वावराच्या वाटेला लागला. थोड्या वेळानं त्याच्या पंपाचा आवाज तांड्यापर्यंत आला. रुपाबाईनं पान उलटलं.