उत्तरेकडून फोडलेलं घर

एल्डन प्रॉक्टर जीपमधून उतरला, तो उतरतच राहिला. आधी बूट आले, मग बऱ्याच वेळाने गुडघे, आणि टोपी बाहेर येईपर्यंत म्हाताऱ्या मेंढपाळ चिसचिलीच्या मेंढ्या भिऊन पलीकडच्या पठारावर पोचल्या होत्या.

"हा घरात निजला तर पाय बाहेर राहतील," चिसचिलीची बायको नानाबा म्हणाली. "रात्री कोल्हे खातील."

प्रॉक्टर मानववंशशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींची जुनी घरं शोधत दोन उन्हाळे हिंडत होता. तुळईला बारीक भोक पाडून आतली वर्तुळं मोजली, की झाड कधी तोडलं ते त्याला कळे. कोर्टात जमिनीचा दावा चालू होता. सरकार म्हणे, तुमच्या आज्यापणज्यांना आमच्या सैन्याने कैदेत नेलं होतं, तिथून सुटल्यावर तुम्ही या टेकडीवर आलात; त्याआधीचं काही असेल तर दाखवा.

सत्तरीच्या चिसचिलीने मेंढवाडे दाखवले, घाम काढायच्या खोपी दाखवल्या. सगळं लाकूड कोवळं निघालं.

"आजोबा, याहून जुनं काही?"

"माझे गुडघे आहेत. पाड भोक."

एक घर होतं. त्याच्या आईची आई त्यात वारली. उत्तरेची भिंत फोडून तिला बाहेर काढलं, आणि मेल्या माणसाची बाधा नको म्हणून तेव्हापासून तिथे कुणी फिरकलं नव्हतं. बर्फात लेकरं काकडली तरी तिथली काटकी कुणी चुलीत घातली नाही. चिसचिली जन्मभर मेंढ्या वळसा घालून नेत आला.

"तो लांबट्या जाईल आपल्या गावाला," नानाबा म्हणाली. "आजारी तू पडशील, म्हाताऱ्या."

"आणि टेकडी गेली, तर मेंढ्या काय तुझ्या डोक्यावर चारू?"

तीन दिवस त्याने मेंढ्या पूर्वीसारख्याच वळसा घालून नेल्या. चौथ्या सकाळी प्रॉक्टरला घेऊन निघाला. दोनशे पावलं अलीकडे थांबला, ओठ पुढे काढून घर दाखवलं आणि पाठ फिरवली. गिरमिटाचा आवाज थांबेपर्यंत तो रक्षणासाठी मक्याचे पराग चिमटीत धरून उभा होता.

लाकूड कैदेच्या शंभर वर्षं आधीचं निघालं. प्रॉक्टर आनंदाने नाचला. तेवढ्या उंच माणसाचं नाचणं बघवत नव्हतं.

हिवाळ्यात दाव्यात चिसचिलीची जबानी झाली. कारकुनाने विचारलं, "घर कुणाचं? बाईचं नाव?"

नवाहोंत गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही.

"माझ्या आईची आई," चिसचिली म्हणाला.

"नाव लागतं. नावाशिवाय घर कुणाचंही असू शकतं."

"आजोबा," प्रॉक्टर कळवळून म्हणाला, "एकच शब्द. त्यावर टेकडी आहे."

"नाव घेतलं की माणूस मागे वळून बघतं, पोरा. एवढ्या लांब गेलेली म्हातारी. तिला कशाला हाक मारू?"

कारकुनाने रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं.

अकरा वर्षांनी निकाल लागला. त्या घरात कोण राहत होतं ते सिद्ध झालं नाही, म्हणून नवाहोंच्या जमिनीतून टेकडी वगळली.